मोटारीतील सबवूफर : निवड व जोडणी

मोटारीच्या ध्वनियंत्रणेत सर्वांत खालचे सूर, साधारण २० ते ८० हर्ट्झपर्यंतचे, वाजवण्यासाठी बसवलेला स्वतंत्र स्पीकर म्हणजे सबवूफर. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या सीमाभागात बोलताना ‘गाडीला बेस बसवलाय’ एवढेच म्हटले जाते. खालच्या सुरासाठी हवा बरीच ढकलावी लागते. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ते काम पेलत नाही, म्हणून हा वेगळा गडी लागतो.

खालचा सूर म्हणजे काय, हे या भागातल्या भजनाला बसणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक थापतात ती नाद खाली उतरावा म्हणूनच. तो ‘धुम’ कानाइतकाच छातीलाही कळतो. सबवूफर पारखायलाही पखवाजच लावावा. थाप पडली, घुमली आणि पुढच्या थापेआधी विरली, तर बेस चांगला. दोन थापा एकमेकींत मिसळून नुसती गुरगुर उरली, तर सबवूफर ज्यात बसवतात ती पेटी किंवा त्याची जोडणी चुकली आहे.

ग्राहक दुकानात आधी इंच विचारतो. खरे तर आधी पेटी ठरवायला हवी. बंद पेटी लहान असते आणि तिचा बेस घट्ट, नेमका येतो. भोक ठेवलेली, म्हणजे पोर्टेड पेटी त्याच वॅटमध्ये जास्त दणका देते, पण डिकीतली जागा खाते आणि तिचे माप चुकले की आवाज फुगतो. पेटी किती लिटरची हवी हे वूफरच्या माहितीपत्रकात दिलेले असते. सुताराला तेच माप द्यावे, अंदाज नव्हे. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर आणि छोटी गाडी जेमतेम चार मीटर. त्यामुळे काचा बंद केल्या की खालच्या सुरांचा आवाज आत आपोआप वाढतो. भजन, भावगीते ऐकणाऱ्याच्या हॅचबॅकला बंद पेटीतला ८ किंवा १० इंची वूफर भरपूर होतो. १२ इंचीचा हट्ट धरून डिकी घालवू नये. सामान ठेवायलाच जागा नसेल, तर सीटखाली बसणारा, आत अँप, म्हणजे ताकद पुरवणारा अँप्लिफायर, असलेला चपटा वूफर घ्यावा. त्याचा सूर फार खोल जात नाही, पण गाणे भरल्यासारखे वाटते.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘१२०० वॅट’ हे क्षणभराच्या कमाल ताकदीचे आकडे असतात. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सतत पेलणारी ताकद. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. म्हणून ३ डेसिबल जास्त संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तितका मोठा वाजणारा, वूफर निम्म्या वॅटमध्ये तेवढेच काम करतो. अँपचा आरएमएस वूफरच्या जवळपास असावा आणि ओहम, म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचे आकडे, जुळावेत. वूफरमधल्या ४ ओहमच्या दोन कॉइल (तारेची वेटोळी) समांतर जोडल्या तर २ होतात, एकसरीत ८. अँप २ ओहम झेलत नसेल तर तापून बंद पडते. अँपवरची गेन ही आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी कळ, आवाजाची कळ नव्हे. ती शेवटपर्यंत पिळली की लहरीचे माथे छाटले जातात, कॉइल तापते आणि एक दिवस जळका वास येतो.

वायर अस्सल तांब्याची घ्यावी. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त. बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. तो नसेल आणि वायर पत्र्याला घासली, तर आग लागू शकते. अर्थची (जमिनीची) वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावरच घट्ट बसवावी.

जांबोटी-चोर्ला मार्गाने गोव्याला जाणाऱ्यांनी पावसाचाही विचार करावा. आषाढात खानापूरच्या बाजूला ओल हटत नाही. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, पेटी डिकीत ओल्या मॅटवर राहिली की तळाचा कोपरा फुगतो, सांधा सुटतो आणि बंद पेटी फुसफुसू लागते. पेटीला खालून रंग द्यावा आणि रबराचे पाय लावावेत.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. खालचे सूर भिंतीतून आरपार जातात. गल्लीत शिरताना आवाज उतरवावा.

शेवटची जुळणी स्टिअरिंगवर बसून करतात. लो-पास, म्हणजे फक्त खालचे सूर पुढे सोडणारी गाळणी, ८० हर्ट्झवर ठेवून ओळखीचे गाणे लावावे आणि फेजची, म्हणजे वूफरच्या लहरीची दिशा उलटवणारी, कळ दोन्हीकडे फिरवून पाहावी. ज्या बाजूला बेस भरदार होतो आणि डिकीतून न येता समोरून आल्यासारखा वाटतो, ती बाजू बरोबर. त्यानंतर नंबरप्लेट खडखडत असेल, तर तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवावी.