मंडळी बदलणाऱ्यांची पुस्तकं : घेण्याआधी एवढं वाचा

नागपुरात ‘धर्मांतर’ म्हटलं की १४ ऑक्टोबर १९५६ आणि दीक्षाभूमीच आठवते. आमच्या दुकानात खिडकीजवळच्या कपाटातली पुस्तकं त्या अर्थानं धर्मांतराची नाहीत. इथे ख्रिस्त तोच राहतो, बदलते ती मंडळी, म्हणजे चर्च. प्रॉटेस्टंट घरात वाढलेला माणूस कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स का झाला, ते त्यानं स्वतः सांगितलेलं असतं. नावावरून भलतंच पुस्तक नेऊन दुसऱ्या दिवशी परत आणणारे बरेच, म्हणून हे पत्रक.

सगळ्यात जास्त घोटाळा इंग्रज लेखक चेस्टरटनच्या ‘ऑर्थोडॉक्सी’चा होतो. त्याचा ऑर्थोडॉक्स चर्चशी संबंध नाही. ते १९०८ चं पुस्तक, आणि लेखक कॅथलिक झाला तो १९२२ मध्ये. पुस्तक झकास आहे, पण तुम्हाला हवं ते हे नव्हे.

न्यूमनचं ‘अपॉलॉजिया’ बहुतेक जण मोठं नाव म्हणून मागतात. ऑक्सफर्डचा हा अँग्लिकन धर्मगुरू १८४५ मध्ये कॅथलिक झाला. पुढे चार्ल्स किंग्जली यानं त्याच्या खरेपणावरच छापील शंका घेतली, तेव्हा १८६४ मध्ये दर आठवड्याला एक भाग असं त्यानं हे उत्तर लिहून काढलं. त्यामुळे त्यात भांडणाची ऊब आहे, पण ऑक्सफर्डमधल्या वादांची नावंही फार आहेत. पहिलंच पुस्तक म्हणून आम्ही ते देत नाही. २०१९ मध्ये न्यूमन संत घोषित झाले, तेव्हापासून मागणी वाढली, वाचून संपवणारे किती ते देव जाणे.

सुरुवातीला ‘रोम स्वीट होम’ (१९९३) घ्या. स्कॉट हान प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू होते. ते १९८६ च्या ईस्टरला कॅथलिक झाले, पत्नी किंबर्ली १९९० मध्ये. मधली चार वर्षं एका घरात दोन मंडळ्या, आणि स्कॉटचे सासरेही पाळकच! दोघांनी आपापली बाजू लिहिली आहे. सून किंवा जावई दुसऱ्या मंडळीतला असलेल्या घरांना हे लगेच कळतं.

ऑर्थोडॉक्स वाटेसाठी पीटर गिलक्विस्ट यांचं ‘बिकमिंग ऑर्थोडॉक्स’ (१९८९). कॉलेजांत सुवार्ता सांगणारे काही अमेरिकन मित्र. कुणी इतिहास, कुणी उपासना, कुणी सिद्धांत असं वाटून घेऊन जुनी मंडळी शोधत निघाले, आणि १९८७ मध्ये सुमारे दोन हजार माणसांसह अंत्युखियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले. एक लक्षात ठेवा : आपल्या कळमेश्वरला जी सेमिनरी आहे ती केरळच्या मलंकारा ऑर्थोडॉक्सांची, म्हणजे ४५१ च्या खाल्सेदोन इथल्या धर्मपरिषदेनंतर वेगळ्या झालेल्या कुळातली; गिलक्विस्ट गेले ते चर्च त्या कुळातलं नाही. गिलक्विस्टचं पुस्तक वाचून तिथल्या अच्चनना (धर्मगुरूंना) प्रश्न विचारायचे असतील तर हा फरक आधी समजून जा.

ही सगळी पुस्तकं पोहोचलेल्यांनी लिहिलेली आहेत. अर्ध्या वाटेवरून परतलेले सहसा लिहीत नाहीत, म्हणून तुमच्या पाळकांशीही बोला. आम्ही कुणाच्याच बाजूनं नाही.

बायबल घेताना मात्र मोजून घ्या : प्रॉटेस्टंट आवृत्तीत ६६ पुस्तकं, कॅथलिक आवृत्तीत ७३.

पुस्तकं इंग्रजीच आहेत. दुकानात बसून पहिलं प्रकरण वाचायला पैसे नाहीत. घरी आत्ताच दाखवायचं नसेल तर खाकी कव्हर घालून देतो, कारण विचारत नाही.