स्वॅब की स्कॅन?

‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण स्कोर बारा आलाय.’ कोरोनाच्या लाटेत, २०२१च्या एप्रिलमध्ये, असे फोन घरोघरी येत होते. रिपोर्ट आरटी-पीसीआरचा, म्हणजे नाका-घशातल्या स्वॅबमध्ये विषाणू शोधणाऱ्या चाचणीचा; स्कोर छातीच्या एचआरसीटीचा, म्हणजे बारकाईने केलेल्या सीटी स्कॅनचा. मग खरं कोणाचं धरायचं?

हा पेच वुहानमधला. जानेवारी २०२०मध्ये विषाणूची जनुकीय रचना जाहीर झाली आणि काही दिवसांतच बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या पथकाने पीसीआर चाचणीची पद्धत खुली केली. पण वुहानमध्ये किट अपुरी, रिपोर्टला उशीर आणि स्वॅब नीट घेतला गेला नाही, तर तापाने फणफणलेला माणूसही निगेटिव्ह. सीटी मशीन मात्र हाताशी होतं. तिथल्या तोंगजी रुग्णालयाने १०१४ रुग्ण तपासले: पीसीआर ५९ टक्के पॉझिटिव्ह, सीटी ८८ टक्के. फेब्रुवारीच्या मध्यात हुबेई प्रांताने स्कॅनवरून निदान झालेलेही मोजायला घेतले, तर एका दिवसात १४,८४० नवे रुग्ण निघाले. काही दिवसांतच ही मोजणी बंद झाली.

तोंगजीच्या अभ्यासातली खरी मेख फारशी कोणी सांगितली नाही. पीसीआर निगेटिव्ह आलेल्या ४१३ जणांपैकी ३०८ जणांच्या सीटीत दोष दिसला होता. स्वॅबमधून निसटलेले रुग्ण त्यांत बरेच असतील. पण फुप्फुसांच्या कडेला दुधी काचेसारखे दिसणारे चट्टे इतर विषाणूंच्या न्यूमोनियातही दिसतात. सीटी विषाणू पाहत नाही, त्याने केलेली नासधूस पाहते. शिवाय लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत फुप्फुसं कोरी असू शकतात. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी’ या तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने मार्च २०२०मध्येच बजावलं, की निदानाची पहिली चाचणी म्हणून सीटी नको.

आपल्याकडे तरीही स्कॅन सेंटरपुढे रांगा लागल्या. सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारला एचआरसीटीचे दर मशीननुसार २००० ते ३००० रुपयांवर बांधावे लागले. फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी पाच, असा पंचवीसपैकी तो स्कोर. परीक्षेच्या गुणांसारखा पाहुण्यांना सांगितला जायचा.

त्यात नावांचा घोळ. पीसीआरच्या रिपोर्टवरही ‘सीटी’ असायचं, पण ती सीटी व्हॅल्यू: नमुन्यातल्या जनुकीय अंशाच्या प्रती वाढवण्याच्या किती आवर्तनांनंतर विषाणू सापडला तो आकडा. म्हणजे स्कॅनचा सीटी स्कोर जितका कमी तितका बरा, पीसीआरची सीटी व्हॅल्यू जितकी कमी तितका नमुन्यात विषाणू जास्त. पॉझिटिव्ह धरण्याची मर्यादा ३५ची होती. ती २४वर आणता येईल का, असं महाराष्ट्राने आयसीएमआरला, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला, विचारलं. एप्रिल २०२१मध्ये उत्तर आलं: नाही, तसं केलं तर कितीतरी रुग्ण निसटतील.