युनिटी सर्टिफाइड यूजर : प्रोग्रॅमर परीक्षा – पात्रता, कागदपत्रे आणि पूर्वतयारी

युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर वस्तू मांडून गेम उभा करता येतो. त्या वस्तूंना हालचाल आणि नियम मात्र मुख्यतः सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेतील स्क्रिप्टमधून, म्हणजे कोडच्या फाइलमधून, दिले जातात. अशी स्क्रिप्ट लिहिण्याचे प्राथमिक कौशल्य तपासणारी ही परीक्षा सर्टिपोर्ट या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत केंद्रांवर संगणकावर घेतली जाते. कोल्हापूर, कागल, इचलकरंजी परिसरात डिप्लोमा किंवा बीसीए करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही माहिती दिली आहे.

परीक्षेला पदवीची किंवा टक्केवारीची अट नाही. सुमारे १५० तासांचा सराव असावा, अशी शिफारस मात्र आहे, आणि माझ्या मते तीच खरी पात्रता मानावी.

अर्जाचा भाग लहान असला तरी नावाच्या बाबतीत काळजी घ्यावी लागते. सर्टिपोर्टच्या संकेतस्थळावर खाते उघडताना जे नाव भरले जाते, तेच प्रमाणपत्रावर छापले जाते. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी असते आणि कॉलेजच्या ओळखपत्रावर वडिलांचे नाव कधी पूर्ण, तर कधी आद्याक्षरापुरते असते. म्हणून परीक्षेच्या दिवशी जे छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवायचे आहे, त्यावरील स्पेलिंग समोर ठेवूनच खाते भरावे. शुल्क व्हाउचरच्या, म्हणजे आधी विकत घेतलेल्या परीक्षा-कोडच्या, रूपाने भरता येते. प्रत्येक केंद्रावर प्रत्येक परीक्षा होतेच असे नाही. त्यामुळे संकेतस्थळावरील केंद्रशोधात कोल्हापूरपासून सुरुवात करून, गरज पडल्यास पुण्यापर्यंत शोध घ्यावा आणि व्हाउचर विकत घेण्याआधी केंद्राला दूरध्वनी करून हीच परीक्षा तेथे होते का, कोणते मूळ ओळखपत्र चालते आणि तारीख कशी मिळते, हे विचारून घ्यावे.

अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत : चुका शोधणे व एपीआयची (युनिटीने कोडसाठी दिलेल्या तयार आज्ञांची) माहिती वाचून अर्थ लावणे, कोड लिहिणे, दिलेला कोड तपासणे आणि युनिटीच्या खिडक्यांमध्ये सहज वावरणे. यांतील शेवटचा भाग सर्वांत सोपा आहे. पहिला आणि तिसरा मात्र पाठांतराने येत नाहीत, कारण तेथे दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून तो काय करील हे सांगावे लागते.

सराव करताना चुका मुद्दाम घडवून पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे. ‘स्टार्ट’ (Start) या मेथडचे, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याचे, पहिले अक्षर लहान लिपीत लिहिले, तर कन्सोल या चुका दाखवणाऱ्या खिडकीत कोणतीही चूक दिसत नाही, फक्त ती मेथड चालत नाही. स्क्रिप्टमध्ये वेगाच्या पब्लिक व्हेरिएबलची (स्क्रिप्टबाहेरूनही बदलता येणाऱ्या चलाची) किंमत ५ वरून २० केली तरी गाडी जुन्याच वेगाने धावते, कारण इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे वस्तूचे गुणधर्म दाखवणाऱ्या खिडकीत, साठवलेली किंमत वरचढ ठरते. प्ले मोड, म्हणजे गेम चालवून पाहण्याची स्थिती, चालू असताना सीनमधील वस्तूंत केलेले बदल प्ले मोड बंद करताच नाहीसे होतात. दोन वस्तू एकमेकींना धडकूनही ट्रिगरची (स्पर्श होताच चालणारी) मेथड चालत नसेल, तर निदान एकीला रिजिडबॉडी हा भौतिकशास्त्राचे नियम लावणारा घटक आहे का, हे आधी पाहावे. ‘अपडेट’ ही मेथड दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरील प्रत्येक नव्या चित्राला, चालते आणि ‘फिक्स्डअपडेट’ ठरावीक अंतराने, मूळ सेटिंगमध्ये ०.०२ सेकंदाने, चालते. म्हणून ‘अपडेट’मधील हालचालीला ‘टाइम.डेल्टाटाइम’ने (मागील फ्रेमपासून गेलेल्या वेळेने) गुणले नाही, तर कॉलेजच्या लॅबमधील जुन्या संगणकावर आणि घरच्या लॅपटॉपवर तीच गाडी वेगवेगळ्या वेगाने पळते. हा फरक दोन्ही संगणकांवर एकदा पाहिला की पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

यासाठी महागड्या क्लासची गरज नाही. युनिटीची पर्सनल आवृत्ती शिकणाऱ्यांसाठी मोफत आहे आणि युनिटी लर्न या संकेतस्थळावरील ‘ज्युनिअर प्रोग्रॅमर’ हा मार्गही मोफत आहे. धडे इंग्रजीत असल्याने प्रत्येक धड्यानंतर कोडची प्रत्येक ओळ काय करते, हे मराठीत वहीत लिहून पाहावे. जी ओळ लिहिता येत नाही, ती समजलेली नाही.

परीक्षा संपताच निकाल पडद्यावर दिसतो आणि उत्तीर्ण झालेल्यांना प्रमाणपत्र सर्टिपोर्टच्या खात्यातून उतरवून घेता येते. अनुत्तीर्ण झालेल्यांना गुणपत्रकात प्रत्येक भागातील कामगिरी दिसते, त्यावरून पुढचा अभ्यास ठरवावा. पुन्हा बसण्यासाठी नवे व्हाउचर लागते. दुसऱ्या प्रयत्नाची सोय असलेले व्हाउचरही मिळते, तेव्हा खरेदीच्या वेळीच त्याची चौकशी करावी.