माउंटन बाइकची फ्रेम आणि बसण्याची ठेवण : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सायकल पसंत करण्यापूर्वी हे पत्रक वाचावे अशी विनंती आहे, कारण यात सांगितलेल्या काही गोष्टी सायकल घरी नेल्यावर दुरुस्त करता येत नाहीत. सीट वर-खाली होते आणि पुढे-मागे सरकते, हॅन्डल फ्रेमला जोडणारा स्टेम बदलता येतो, हॅन्डल रुंद वाटले तर दोन्ही टोकांनी कापता येते. फ्रेमची लांबी मात्र कारखान्यात वेल्डिंग झाले तेव्हाच कायमची ठरलेली असते. म्हणून जे बदलत नाही ते आधी पाहावे आणि जे बदलते त्याचा विचार मागाहून करावा, असा आमच्या दुकानाचा क्रम आहे. ग्राहकांचा क्रम बहुधा याच्या उलट असतो : आधी रंग, मग गिअर, मग डिस्क ब्रेक आणि पैसे मोजताना जमलेच तर माप.

चाकाचे माप आणि फ्रेमचे माप

‘२९ ची दाखवा’ असे म्हणत येणाऱ्या ग्राहकाच्या मनात पुष्कळदा चाक आणि फ्रेम यांची गल्लत झालेली असते. २६, २७.५ आणि २९ हे आकडे चाकांचे आहेत. टायरसह चाकाचा बाहेरचा व्यास अंदाजे तितके इंच भरतो. फ्रेमचे माप त्याहून वेगळे असून ते १५, १७, १९ अशा इंचांत किंवा स्मॉल, मीडियम, लार्ज अशा शब्दांत लिहिलेले असते. २९ ची चाके असलेली सायकल लहान फ्रेममध्येही मिळते, तेव्हा ‘माझी उंची चांगली आहे, मला २९ द्या’ या वाक्यातून आम्हाला फ्रेमबद्दल काहीच कळत नाही. स्वस्त सायकलींची अनेक मॉडेल तर एकाच फ्रेममध्ये येतात आणि साडेपाच फुटांच्या माणसालाही तीच मिळते, सहा फुटांच्यालाही तीच. अशी सायकल घेण्यास हरकत नाही, फक्त ती आपल्या अंगाला बसते का हे पाहून घ्यावे.

इंचांचा आकडा म्हणजे सीटच्या नळीची लांबी होय. पायडलचे क्रँक ज्या धुरीवर फिरतात त्या बीबीच्या मध्यापासून ती वरच्या दिशेने मोजतात. काही कंपन्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात, तर काही आडव्या दांडीच्या मध्यापर्यंत, त्यामुळे एका कंपनीची १८ आणि दुसरीची १८ सारखी निघेलच असे नाही. शिवाय हल्लीच्या माउंटन बाइकची दांडी मागच्या बाजूस उतरती असल्यामुळे सीटची नळी आखूड झाली आहे आणि या आकड्यावरून बसण्याच्या ठेवणीचा अंदाज येईनासा झाला आहे. म्हणूनच आम्ही स्टिकरपेक्षा कंपनीच्या तक्त्यातील दोन मापे पाहतो. पहिले ‘रीच’, म्हणजे बीबीच्या मध्यापासून हॅन्डलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर, आणि दुसरे ‘स्टॅक’, म्हणजे त्याच दोन बिंदूंमधील उभे अंतर. जुन्या धाटणीच्या मीडियम फ्रेमचा रीच साधारण ४०० मिलिमीटर असे, तर नव्या धाटणीच्या मीडियमचा ४५० च्या आसपास जातो. दोन्हींवर ‘मीडियम’ हेच लिहिलेले असते.

घरच्या घरी माप

उंचीइतकेच, किंबहुना थोडे अधिक, महत्त्व पायाच्या आतल्या उंचीला आहे. अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून, दोन पावलांत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर ठेवून उभे राहावे. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक पायांच्या मध्ये उभे धरून त्याची एक कड भिंतीला चिकटवावी आणि सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितका दाब येईपर्यंत ते वर ओढावे. येथे संकोच केल्यास माप दोन-तीन सेंटिमीटरने चुकते. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करून जमिनीपासूनचे अंतर दुसऱ्या कोणाकडून मोजवून घ्यावे. स्वतः वाकले की पुस्तक खाली सरकते. शिंप्याने घेतलेले पँटचे माप येथे चालत नाही, कारण ते जमिनीपर्यंत जात नाही.

आलेल्या सेंटिमीटरला ०.२२५ ने गुणले की माउंटन बाइकच्या फ्रेमचे माप ढोबळमानाने इंचांत मिळते. ७८ सेंटिमीटर भरले तर उत्तर साडेसतराच्या जवळ येते, म्हणजे १७ आणि १८ इंचांच्या फ्रेम पाहायला सुरुवात करावी. या गुणाकाराने कोणत्या दोन सायकली काढून दाखवायच्या एवढेच ठरते. निवड त्यांवर बसूनच करावी लागते.

त्यानंतर दांडीवरून पाय टाकून सायकल पायांमध्ये घेऊन उभे राहावे. दांडी आणि शरीर यांत किमान ५ सेंटिमीटर जागा हवी. सपाट डांबरी रस्त्यावर याहून कमी जागेतही निभावते, पण नागपूरच्या बाहेर कच्च्या रस्त्याला लागल्यावर सायकल थांबते ती बहुधा चाकोरीत किंवा उतारावर, आणि टेकवलेला पाय चाकांपेक्षा खालच्या पातळीवर जातो. पावसाळ्यात काळ्या मातीत तर तो आणखी रुततो. अशा वेळी दांडी कोठे लागते हे सांगण्याची गरज नसावी.

दोन मापांच्या मध्ये अडकल्यास

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि आमचा कल लहान फ्रेमकडे आहे. लहान फ्रेमला लांब सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि किंचित लांब स्टेम लावून वाढवता येते. मोठ्या फ्रेमला आखूड स्टेम लावून एक-दोन सेंटिमीटर जवळ आणता येते, पण त्यापुढे काही करता येत नाही. हात लांब असतील, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधले अंतर उंचीहून बरेच जास्त भरत असेल, तर मात्र मोठी फ्रेम पाहण्यात अर्थ आहे. पाय लांब आणि धड आखूड असलेल्या व्यक्तीने उंचीच्या तक्त्यावर विसंबू नये, कारण त्या तक्त्याप्रमाणे घेतलेली फ्रेम तिला हमखास लांब पडते. स्त्रियांसाठी वेगळे शास्त्र नाही. नियम तेच आहेत, फक्त खांद्यांच्या मानाने हॅन्डल फार रुंद असेल तर ते कापून घ्यावे आणि सीटची रुंदी स्वतंत्रपणे पाहावी.

मुलांच्या बाबतीत ‘भाऊ, मोठीच द्या, पोट्टा वाढून राहिला’ हा आग्रह आम्ही समजू शकतो, कारण सायकल दरवर्षी घेणे परवडत नाही. तथापि बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकत नाहीत आणि ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटे नीट पोहोचत नाहीत अशी सायकल आम्ही मुलाला देत नाही. एका वर्षाच्या वाढीपुरती सूट ठेवावी, तीन वर्षांची ठेवू नये.

बसण्याची ठेवण : आधी सीट, मग हॅन्डल

फ्रेम ठरली की पुढचे काम दुकानात आम्ही करून देतो, पण ते कोणत्या क्रमाने होते हे ग्राहकाला ठाऊक असलेले बरे. सीट पायांसाठी लावायची असते आणि हॅन्डल हातांसाठी. हॅन्डल दूर वाटते म्हणून सीट पुढे ओढणे हा सर्रास दिसणारा प्रकार आहे, आणि त्याची किंमत गुडघे मोजतात.

प्रथम उंची. सीटवर सरळ बसून पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय जवळजवळ सरळ व्हावा, पण कमरेला झुकावे लागू नये. नंतर नेहमीप्रमाणे चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप योग्य तेवढा बाक येतो. आकड्यांत हवे असल्यास पायाच्या आतल्या उंचीला ०.८८३ ने गुणावे. हे अंतर बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत मोजायचे. ७८ सेंटिमीटरला ते ६८.९ येते. हा गुणक रस्त्यावरच्या शर्यतींतून आला आहे. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळे तो जगभर पसरला. माउंटन बाइकसाठी त्यातून अर्धा-एक सेंटिमीटर कमी केल्यास खाचखळग्यांत बरे पडते. मागून पाहताना कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट उंच आहे, मग सूत्र काहीही सांगो. ही गोष्ट स्वतःला दिसत नाही, मागून कोणीतरी पाहावी लागते. सीटपोस्टवर कोरलेली मर्यादेची रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. ती दिसत असेल तर लांब सीटपोस्ट घ्यावा, अन्यथा पोस्ट वाकते किंवा फ्रेमला तडा जातो.

दुसरे, सीट किती पुढे आणि किती मागे. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर ठेवून पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून गवंड्याचा ओळंबा सोडला तर तो पायडलच्या धुरीच्या आसपास पडावा. हा सुरुवात करण्यापुरता नियम आहे. नव्या धाटणीच्या उभट सीट-नळीच्या फ्रेमवर गुडघा थोडा पुढे जातो आणि त्यात काही बिघडत नाही. सीट मागे सरकवली की पायडलपासूनचे अंतरही वाढते, म्हणून उंची पुन्हा एकदा तपासावी. सीट सपाट असावी, फार तर टोक एक-दोन अंश खाली.

हॅन्डलची पाळी यानंतर येते. पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये स्प्रिंग किंवा हवा असेल तर ग्राहक बसल्यावर तो फोर्क किती दबतो हे आम्ही आधी पाहतो, कारण तेवढे हॅन्डल खाली जाते. मग स्टेमखालच्या रिंगा वर-खाली करून उंची ठरते. कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल आणि नजर सहज समोर, अशी ठेवण यावी. ब्रेकच्या लिव्हर हाताच्या रेषेत थोड्या खाली झुकलेल्या असाव्यात, म्हणजे मनगट मोडत नाही. फोर्कची नळी एकदा कापली की हॅन्डल उंच करण्याची सोय जवळजवळ संपते, म्हणून पहिले दोन-तीन महिने आम्ही ती कापत नाही, वर एखादी रिंग शिल्लक दिसली तरी चालेल.

दुखणे काय सांगते

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे असते. गुडघ्याच्या मागची शीर ओढल्यासारखी वाटत असेल तर सीट उंच असते. तळहाताला, विशेषतः करंगळीच्या बाजूला, मुंग्या येत असतील तर शरीराचे वजन हातांवर जात आहे, आणि याचे कारण पुष्कळदा हॅन्डलमध्ये नसून पुढे झुकलेल्या सीटमध्ये सापडते. मान आखडत असेल तर हॅन्डल खाली किंवा दूर आहे. एका वेळी एकच बदल करावा, तोही ५ मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि जुन्या जागी सीटपोस्टवर इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवावी. बदल पटला नाही तर परत जाता आले पाहिजे. मापे सुधारूनही दुखणे थांबले नाही तर ते काम डॉक्टरांचे आहे.

आपल्याकडे बहुतेक माउंटन बाइक प्रत्यक्षात डांबरावरच चालतात : पहाटे फुटाळा किंवा सेमिनरी हिल्स, सुट्टीच्या दिवशी गोरेवाडा, आणि हौस वाढली की रामटेक. वापर असाच असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे, त्यात कमीपणा नाही. रामटेकपर्यंतच्या सपाट रस्त्यावर ठेवण तासन्‌तास बदलत नाही आणि एखाद्या सेंटिमीटरची चूकही तिथे जाणवू लागते. त्या ग्राहकाला आम्ही हॅन्डल जरा उंच आणि पकड बदलण्याची सोय असलेले ग्रिप सुचवतो. उन्हाळ्यात घामाने ग्रिप निसटू लागली की माणूस ती नकळत आवळून धरतो आणि हात बधिर होतात, तेव्हा हातमोजे घ्यावेत. ज्यांना खरोखर दगडधोंड्यांच्या पायवाटेवर उतरायचे आहे त्यांनी उतारापूर्वी सीट काही सेंटिमीटर खाली घ्यावी. बटणाने खाली जाणारा ड्रॉपर पोस्ट महाग आहे, पण एलन की वापरून हेच काम फुकट होते.

माप देण्यासाठी येताना सायकल चालवताना घालता तेच बूट आणि गुडघे दिसतील अशी चड्डी घालून यावे. सध्याच्या सायकलवर बसणे सोयीचे वाटत असेल तर ती सोबत आणावी. तिच्या सीटपासून हॅन्डलपर्यंतचे अंतर आम्हाला कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. सायकल कोणाला भेट द्यायची असेल तर त्या व्यक्तीलाच घेऊन यावे, आश्चर्याचा धक्का रंगापुरता राखून ठेवता येतो. गर्दीत माप नीट घेता येत नाही, म्हणून रविवारची संध्याकाळ टाळावी.