वीस वर्षं राहिलं की बुद्धी वाढते?

पहिल्या महायुद्धात अमेरिकेची सैन्यभरती सुरू झाली, तेव्हा रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाने लष्कराच्या गळी एक कल्पना उतरवली: भरती होणाऱ्या जवानांची बुद्धी मोजायची. सुमारे साडेसतरा लाख जणांना चाचणीला बसवलं गेलं. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’, बाकीच्यांसाठी चित्रांची ‘आर्मी बीटा’. अल्फातला एक प्रश्न असा: क्रिस्को म्हणजे काय, औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? दुसरा: क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध आहे? लेखन, चित्रकला, बेसबॉल की विनोद? बीटामध्ये चित्रात जे राहून गेलंय ते काढून दाखवायचं होतं. एका चित्रात टेनिसच्या मैदानावर जाळी नव्हती, दुसऱ्यात ग्रामोफोनला कर्णा नव्हता. सिसिलीच्या एखाद्या खेड्यातून आलेल्या पोराने ग्रामोफोन कधी पाहिला असेल का, याची चिंता चाचणी रचणाऱ्यांनी फारशी केलेली दिसत नाही.

गुणांच्या या ढिगाऱ्यावरून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये एक पुस्तक काढलं. उत्तर युरोपातून आलेले लोक बुद्धीने वरचढ, इटली, पोलंड, रशियाकडून आलेले कमी. हे असंच चालू राहिलं तर अमेरिकेची सरासरी बुद्धी घसरत जाणार, असा त्याचा सूर. पुस्तकात एक तक्ता मात्र विलक्षण आहे. परदेशात जन्मलेल्या जवानांचे ब्रिगहॅम यांनी पाच गट केले होते: अमेरिकेत येऊन पाच वर्षंही न झालेले, मग दहापर्यंत, पंधरापर्यंत, वीसपर्यंत आणि वीसहून अधिक. गुण पायरीपायरीने चढत जातात. वीसहून अधिक वर्षं राहिलेले जवान अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या जवानांच्या बरोबरीला येतात.

समोर आलेल्या या चढत्या आकड्यांचा सरळ अर्थ असा की चाचणी अमेरिकेशी झालेली ओळख मोजत होती. ब्रिगहॅम यांनी अर्थ लावला तो असा: पूर्वी चांगल्या वंशाचे लोक येत होते, आता हलके येऊ लागलेत! उत्तर आधीच ठरलेलं असलं की आकडे बिचारे काय करणार. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की आपला हा अभ्यास निराधार होता. एवढ्या स्पष्टपणे माघार घेणारे शास्त्रज्ञ थोडेच, म्हणून त्यांना श्रेय द्यायला हवं. पण तोवर १९२४ चा स्थलांतर कायदा होऊन गेला होता. त्याने प्रत्येक देशातून येऊ शकणाऱ्यांचा वार्षिक वाटा अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेतल्या त्या देशात जन्मलेल्या लोकांच्या दोन टक्क्यांवर बांधला, म्हणजे इटालियन आणि पूर्व युरोपीय लोक मोठ्या संख्येने येण्याच्या आधीच्या वर्षावर. इटलीचा वाटा ४२ हजारांवरून चार हजारांच्याही खाली आला. या कायद्याचं सगळं खापर बुद्धिचाचण्यांवर फोडलं जातं, ते मला पटत नाही. अमेरिकेच्या संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसमधल्या, चर्चेत चाचण्यांचा उल्लेख क्वचितच येतो. परक्यांची भीती आणि मजुरी पडण्याची धास्ती एवढं कायद्याला पुरेसं होतं. विज्ञानाने वर शिक्का मारला.

मग बुद्धी आणि जनुकं यांचा संबंधच नाही का? आहे, आणि तो नाकारून वाद जिंकता येत नाही. जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे असंख्य अभ्यास एकाच दिशेने बोट दाखवतात. प्रौढांच्या बुद्ध्यांकात आनुवंशिकतेचं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त निघतं, आणि बालपणापेक्षा मोठेपणी ते वाढतं. गडबड होते ती या आकड्याचा अर्थ लावताना. तुमच्या बुद्धीचा अर्धा भाग आईबापांकडून आला आणि अर्धा शाळेतून, असं तो म्हणत नाही. एका समाजात, एका काळात, लोकांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती भाग त्यांच्या जनुकांतल्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो.

रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने यासाठी दिलेलं उदाहरण अजून कोणी मागे टाकलेलं नाही. एका पोत्यातलं मिश्र बियाणं घ्या, अर्धं कसदार मातीत पेरा, अर्धं निकस मातीत. प्रत्येक वाफ्यात माती सगळ्यांना सारखीच, म्हणून वाफ्याच्या आतला उंचीचा फरक शंभर टक्के बियाण्याचा. दोन वाफ्यांमधला फरक मात्र शंभर टक्के मातीचा. गटाच्या आतला आकडा कितीही मोठा असला, तरी त्यावरून दोन गटांमधल्या फरकाचं कारण काढता येत नाही. १९६९ मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांच्या बुद्ध्यांक आणि वंशावरच्या लेखाने आणि १९९४ मध्ये ‘द बेल कर्व्ह’ या त्याच विषयाला हात घालणाऱ्या पुस्तकाने अमेरिकेत जो गदारोळ उठवला, त्यातला बराचसा भाग गटाच्या आतल्या आकड्यावरून थेट गटांमधल्या फरकावर मारलेल्या याच उडीभोवती फिरत होता. उंचीचंही तसंच. ती बुद्ध्यांकापेक्षाही अधिक आनुवंशिक, सुमारे ८० टक्के. तरी दक्षिण कोरियातल्या स्त्रिया शंभर वर्षांत सरासरी २० सेंटिमीटरने उंच झाल्या. जनुकं काही शंभर वर्षांत इतकी बदलत नाहीत.

बुद्ध्यांकाची गोष्टही तशीच निघाली. जेम्स फ्लिन या संशोधकाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की एकामागून एक देशांत पिढ्यांचे गुण वाढत गेलेत, दर दशकाला साधारण तीन. सरासरी पुन्हा शंभरवर आणण्यासाठी चाचण्यांचे निकष दर काही वर्षांनी नव्याने बसवावे लागतात म्हणून ही वाढ झाकली जात होती.

त्यानंतर आलेलं वळण स्थलांतराच्या वादात जास्त महत्त्वाचं आहे. काही युरोपीय देशांत ही वाढ थांबली आणि गुण उतरू लागले. लगेच दोन खुलासे पुढे आले: कमी बुद्धीच्या लोकांना जास्त मुलं होतात म्हणून, नाहीतर बाहेरून आलेल्यांमुळे. नॉर्वेमध्ये हे तपासण्याची सोय होती, कारण तिथे लष्करी सेवेच्या वेळी तरुणांची बुद्धिचाचणी घेतली जाते आणि नोंदी टिकून असतात. ब्रात्सबर्ग आणि रोगेबर्ग या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये सात लाखांहून अधिक पुरुषांच्या नोंदी पाहिल्या. युक्ती साधी होती: सगळ्या देशाची सरासरी न पाहता सख्ख्या भावांची तुलना करायची. आईबाप तेच, घर तेच, देश तोच. फरक फक्त जन्मवर्षाचा. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जन्मलेल्यांमध्ये गुण चढत गेले होते, नंतर उतरू लागले, आणि हा चढउतार भावाभावांमध्येही तसाच दिसला. स्थलांतरितांमुळे सरासरी खाली येत असती तर एकाच नॉर्वेजियन घरात धाकट्याचे गुण थोरल्यापेक्षा कमी का यावेत? दोन्ही खुलासे एका फटक्यात पडले. उतरण कशामुळे आली हे या अभ्यासातून कळत नाही. कारण घराबाहेर, बदलत्या परिस्थितीत आहे एवढं कळतं.

आता तर डीएनए थेट वाचता येतो. २०१८ मध्येच ११ लाख लोकांच्या अभ्यासातून एक जनुकीय गुणांक, म्हणजे डीएनएतल्या असंख्य बारीक फरकांची एकत्र बेरीज, तयार झाला. लोक किती वर्षं शिकले यातला ११ ते १३ टक्के फरक त्यातून सांगता येतो. अभ्यासातले लोक युरोपीय वंशाचे होते. तोच गुणांक आफ्रिकन-अमेरिकनांना लावला तर दोन टक्केही हाती लागत नाहीत. म्हणजे दोन वंशांची तुलना करायला जे साधन लोक वापरू पाहतात, ते दुसऱ्या वंशावर चालतच नाही. त्याच वर्षी आइसलँडमधून आणखी मजेदार गोष्ट पुढे आली. आईबापांची जी जनुकं मुलापर्यंत पोचलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसला! जनुकं आईबापांना घडवतात, आईबाप घर घडवतात, आणि मूल त्या घरात वाढतं. ‘जनुकीय’ म्हणून मोजलेला काही हिस्सा मुळात घराचाच होता.

धोरणाच्या वादात मात्र एक गृहीतक फुकट मिळतं: जनुकांमुळे असेल तर उपाय नाही, परिस्थितीमुळे असेल तर आहे. दोन्ही बाजू हे धरूनच भांडतात, म्हणून एवढा आवाज होतो. फिनाइलकीटोनुरिया हा आजार पूर्णपणे जनुकीय, आणि उपचार झाला नाही तर मुलाला गंभीर मतिमंदत्व येतं. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो ओळखतात आणि आहार बदलून मुलाला वाचवतात. उलट, गर्भारपणात आयोडीनची तीव्र कमतरता झाली तर जनुकांचा काहीही दोष नसताना मेंदूचं जे नुकसान होतं ते भरून निघत नाही. शाळेचं एक जादा वर्ष बुद्ध्यांकात एक ते पाच गुणांची भर घालतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं उत्तर आहे. कोणत्याही सरकारला पुरेल एवढा हा धागा आहे.

गटाचं यश रक्तावर टाकणारा हाच तर्क आपल्या सोयीचा असला की आपण बिनदिक्कत वापरतो. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांचं उत्पन्न, त्यांची मुलं जिंकत असलेल्या स्पेलिंगच्या स्पर्धा पाहून ‘आपलं रक्तच हुशार’ असं म्हणणारे मी पुष्कळ ऐकलेत. १९१७ च्या कायद्याने आशियाचा बराच मोठा पट्टा, भारत धरून, स्थलांतरासाठी बंद केला होता. दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ मध्ये, आणि ते नातेवाइकांसाठी आणि कुशल माणसांसाठी. डॉक्टर, इंजिनिअर निवडून घेतले गेले; आजही तिथे जाणाऱ्या प्रौढ भारतीयांत पदवीधरांची संख्या फार मोठी आहे, भारतात राहिलेल्यांत ती त्याच्या जवळपासही नाही. व्हिसाच्या अर्जात पदवी विचारलेली होती, गुणसूत्रं नव्हेत.