हयात व्यक्तींच्या चरित्रनोंदी

हयात व्यक्तींच्या चरित्रनोंदी : आयुष्य अजून चालू असलेल्या माणसावरची विश्वकोशातील नोंद, आणि ती लिहिताना पाळायचे संकेत. नदीची लांबी चुकीची छापली गेली तर पुढे दुरुस्त करता येते. मधल्या काळात नदीचे काही बिघडत नाही. माणसाच्या नोंदीतली चूक मात्र तो स्वतः वाचतो, त्याची मुले वाचतात, त्याला कामावर घेऊ पाहणारे वाचतात. शिवाय अशा नोंदीचा शेवट लिहिणाऱ्याच्या हातात नसतो. आज खरे असलेले वाक्य उद्याच्या निकालाने, राजीनाम्याने किंवा घटस्फोटाने जुने होते. नवा संपादक बहुधा पहिली नोंद आवडत्या किंवा नावडत्या माणसावरच लिहायला घेतो, म्हणजे सगळ्यांत अवघड कामापासूनच सुरुवात करतो.

छापील कोशांनी ही अडचण पूर्वीच ओळखली होती. लेस्ली स्टीफन यांच्या संपादकत्वाखाली १८८५ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय चरित्रकोशाने फक्त दिवंगतांनाच जागा द्यायची असे ठरवले, आणि त्याच्या आजच्या अवतारातही तो नियम टिकून आहे. 'हूज हू' या वार्षिकाने उलट वाट धरली. त्यात हयात माणसेच असतात, पण १८९७ पासून माहिती ज्याची त्याने भरून द्यायची. त्यामुळे छंदांच्या रकान्यात विनोद सापडतात आणि अपयशांचा रकानाच नसतो. एक वाट मृत्यूची वाट पाहणारी, दुसरी माणसाच्या शब्दावर विसंबणारी. कोणीही संपादन करू शकेल असा ऑनलाइन विश्वकोश यांपैकी कोणतीच वाट धरू शकत नाही. त्याला तिसरी घडवावी लागली, आणि ती एका नामुष्कीनंतर घडली.

मे २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर जॉन सीगेन्थॉलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकारावर कोणीतरी निनावी नोंद केली. जॉन आणि रॉबर्ट केनेडी या दोघा भावांच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा काही काळ संशय होता, असे तिच्यात म्हटले होते. प्रत्यक्षात सीगेन्थॉलर हे रॉबर्ट केनेडींचे सहायक होते. हा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला आणि इतर संकेतस्थळांनी तो उचललाही. मधल्या काळात एका संपादकाची नजर त्या नोंदीवर पडली होती. त्याने एका शब्दाचे स्पेलिंग सुधारले आणि तो पुढे गेला. संपादनाचे काम कसे चालते हे त्या एका दुरुस्तीवरून जितके कळते तितके पानभर नियमांवरून कळत नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये सीगेन्थॉलर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून हा प्रकार उघड केला. पुढच्याच महिन्यात इंग्रजी विकिपीडियाने खाते नसलेल्यांना नवी पाने तयार करण्यास बंदी केली आणि हयात व्यक्तींसाठी स्वतंत्र धोरण आकाराला येऊ लागले. एप्रिल २००९ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने सर्व भाषांतील प्रकल्पांना उद्देशून ठराव केला आणि त्यात नोंदीचा विषय असलेल्या माणसाच्या प्रतिष्ठेचा मुद्दा ठळकपणे मांडला.

या धोरणाचा गाभा थोडक्यात सांगता येतो : हयात व्यक्तीबद्दलचा वादग्रस्त मजकूर संदर्भाशिवाय असेल, किंवा संदर्भ कच्चा असेल, तर तो चर्चेची वाट न पाहता काढायचा. मजकूर निंदेचा असो वा स्तुतीचा, नियम एकच. इतर विषयांत 'संदर्भ हवा' असा साचा (सूचनेची तयार पट्टी) लावून महिनोन् महिने थांबता येते, इथे नाही. हे बंधन मुख्य नोंदीपुरते नसते. चर्चा पान, सदस्य पान, छायाचित्राखालची ओळ, वर्गांची (विषयवार गटांची) नावे, एवढेच नव्हे तर त्या माणसाचा ओझरता उल्लेख असलेले भलतेच पानही त्याच्या कक्षेत येते. इंग्रजी विकिपीडियावर १८ मार्च २०१० नंतर तयार झालेल्या, एकही संदर्भ नसलेल्या हयात व्यक्तीच्या नोंदीला सात दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात एखादा विश्वासार्ह संदर्भ जोडला गेला नाही तर नोंद जाते. निरनिराळ्या भाषांतील विकिपीडियांचे नियम वेगवेगळे असतात, त्यामुळे आपण लिहितो तिथल्या प्रचालकांना (देखरेख करणाऱ्या संपादकांना) किंवा चावडीवर (सर्वांच्या चर्चेच्या पानावर) विचारून घेणे बरे.

पात्रता

माणूस मोठा आहे की नाही हा विश्वकोशापुढचा प्रश्नच नसतो. त्याच्याशी संबंध नसलेल्या लोकांनी त्याच्याबद्दल पुरेसे आणि सविस्तर लिहून ठेवले आहे का, एवढेच पाहायचे. याला उल्लेखनीयता म्हणतात. ही कसोटी कधीकधी अन्याय करते आणि तसे मान्य करायला हरकत नाही. डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील कच्ची नोंद मे २०१८ मध्ये स्वतंत्र संदर्भ नसल्याच्या कारणावरून परत पाठवली गेली. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि काही तासांत नोंद उभी राहिली. यावर टीका झाली ती योग्यच होती. पण ज्यांच्याबद्दल वृत्तपत्रे लिहीत नाहीत त्यांच्याबद्दल विश्वकोशालाही लिहिता येत नाही, हे मूळ दुखणे त्यातून दिसले, आणि ते एका संपादकाला बरे करता येणारे नव्हते.

एकाच घटनेमुळे नाव झालेल्या माणसांची गोष्ट निराळी. अपघातातून वाचलेला, चित्रफीत सर्वदूर पसरल्याने चार दिवस चर्चेत आलेला, एखाद्या खटल्यातला साक्षीदार, अशा माणसाचे चरित्र लिहायचे नसते. घटना मोठी असेल तर नोंद घटनेची करावी. एका वाईट दिवसाला चरित्राचे रूप दिले की नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला पुढची कित्येक वर्षे तोच दिवस प्रथम दिसतो.

संदर्भ

नवा संपादक माहिती आधी लिहितो आणि मग तिला संदर्भ शोधतो. क्रम उलटा हवा. संदर्भ समोर ठेवून, त्यात आहे तेवढेच स्वतःच्या शब्दांत लिहायचे. आपल्याला पक्के ठाऊक असलेली गोष्ट संदर्भात नसेल तर ती नोंदीत येत नाही, मग आपण त्या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहत असलो तरीही. चांगला संदर्भ म्हणजे संपादकीय तपासणीतून गेलेले वृत्तपत्र, नियतकालिक, पुस्तक किंवा संशोधनपत्रिका. चटपटीत बातम्यांची पत्रे, अनुदिनी (ब्लॉग), समाजमाध्यमांवरचे लेखन, स्मरणिकेतला गौरवलेख आणि प्रसिद्धिपत्रक यांतले काहीही चालत नाही. इंग्रजी विकिपीडियाने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'डेली मेल' या खपाच्या वृत्तपत्राचा संदर्भ म्हणून वापर जवळपास बंद केला. खप आणि विश्वासार्हता यांचा संबंध नाही हे त्यातून सूचित झाले.

न्यायालयीन कागदपत्रांबाबत नवख्यांचा नेहमी गोंधळ होतो. अस्सल दस्तऐवज असताना वृत्तपत्र कशाला, असे त्यांना वाटते. पण नावसाधर्म्याने दुसऱ्याच माणसाचा खटला चिकटतो, फिर्यादीतले म्हणणे निष्कर्ष म्हणून वाचले जाते, पुढचे अपील नजरेतून सुटते. कागदातून अर्थ काढणे हे संशोधन झाले आणि विश्वकोशात मूळ संशोधनाला जागा नाही. ज्या कागदाची दखल कोणत्याही पत्रकाराने वा अभ्यासकाने घेतली नाही, तो आपणही सोडावा.

यापेक्षा फसवा प्रकार म्हणजे गोल फिरणारा संदर्भ. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग जर्मनीचे अर्थव्यवहार व तंत्रज्ञान मंत्री झाले. त्यांच्या मुळातच लांबलचक नावात कोणीतरी जर्मन विकिपीडियावर 'विल्हेल्म' हे आणखी एक नाव घुसवले. नामवंत वृत्तपत्रांनी ते तिथून उचलून छापले आणि मग त्याच वृत्तपत्रांचा हवाला देऊन ते नाव खरे ठरवले गेले. म्हणून बातमीची तारीख आणि नोंदीचा इतिहास (तिच्यातल्या बदलांची तारीखवार यादी) शेजारी ठेवून पाहण्याची सवय लावून घ्यावी. तपशील आधी नोंदीत आला आणि बातमीत नंतर, असे दिसले तर तो संदर्भ नसून आपलाच प्रतिध्वनी आहे.

माणूस स्वतः

आपल्याबद्दल आपल्यालाच जास्त कळते, असे नोंदीच्या विषयाला वाटणे साहजिक आहे. २०१२ मध्ये कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी विकिपीडियाला जाहीर पत्र लिहिले. आपल्या एका कादंबरीच्या प्रेरणेबद्दलची चूक आपण दाखवली, तर दुय्यम, म्हणजे इतर कोणी लिहिलेला, संदर्भ हवा असे उत्तर मिळाले, ही त्यांची तक्रार होती. ते पत्र एका प्रतिष्ठित साप्ताहिकात छापून आले आणि आपोआप संदर्भ बनले. यात हास्यास्पद काही नाही. लेखकाचे म्हणणे 'लेखकाचे म्हणणे' म्हणून नोंदवता आले, समीक्षकांचे वेगळे मतही शेजारी राहिले. जन्मगाव, शिक्षण अशा साध्या तपशिलांसाठी माणसाचे स्वतःचे संकेतस्थळ चालते. स्वतःच्या थोरवीसाठी किंवा दुसऱ्याबद्दल बोलण्यासाठी चालत नाही.

स्वतःची नोंद स्वतः बदलू नये हा संकेत विकिपीडियाच्या संस्थापकालाही सुटला नाही. जिमी वेल्स यांनी स्वतःवरच्या नोंदीत लॅरी सँगर यांच्या सहसंस्थापकपदाचा उल्लेख बदलल्याचे २००५ मध्ये चव्हाट्यावर आले आणि त्यांना खेद व्यक्त करावा लागला. नातेवाईक, शिष्य, कर्मचारी आणि पैसे घेऊन लिहिणारे यांनाही हेच लागू आहे. त्यांनी चर्चा पानावर संबंध सांगून विनंती करावी. दुसऱ्या बाजूने, घाबरलेला माणूस नियम न वाचता आपल्या पानावरचा बदनामीकारक परिच्छेद सरळ पुसून टाकतो, तेव्हा त्याला उपद्रवी ठरवून मजकूर परत आणणारे संपादक सर्वाधिक नुकसान करतात. आधी परिच्छेद वाचावा, मग पुसणाऱ्याकडे पाहावे.

आरोप, वाद आणि खासगीपण

सार्वजनिक जीवनातल्या माणसावरचा आरोप अनेक विश्वासार्ह स्रोतांनी नोंदवला असेल तर तो नोंदीत येतो. त्याला आवडो न आवडो. त्याने आरोप नाकारला असेल तर तेही लिहावे लागते. जो सार्वजनिक जीवनात नाही, त्याच्यावर केवळ संशय किंवा खटला आहे म्हणून तसे लिहिण्याआधी दहादा विचार करावा. दोषी ठरेपर्यंत तो निर्दोष असतो. तक्रार, अटक, आरोपपत्र आणि शिक्षा या चार वेगळ्या गोष्टी आहेत. निर्दोष सुटल्याची बातमी अटकेच्या बातमीपेक्षा नेहमी लहान छापली जाते, त्यामुळे ती मुद्दाम शोधावी लागते. 'वादविवाद' असा स्वतंत्र विभाग काढला की तो उकिरड्यासारखा वाढत जातो. तीस वर्षांच्या कारकिर्दीला दोन ओळी आणि एका वक्तव्याला पाच परिच्छेद, अशा नोंदी त्यातूनच होतात.

पत्ता, दूरध्वनी, मुलांची नावे, आजार हे जिज्ञासेचे विषय असतील, चरित्राचे नव्हेत. पूर्ण जन्मतारीख सर्वत्र छापून आलेली नसेल तर वर्ष पुरे. धर्म किंवा लैंगिक कल यांचा वर्ग लावायचा तर त्या माणसाने स्वतः तसे जाहीर सांगितलेले असावे आणि त्याच्या कार्याशी त्याचा संबंध असावा. आडनावावरून अंदाज बांधणे हा संदर्भ नव्हे. छायाचित्र मुक्त परवान्याचेच हवे, कारण माणूस हयात असल्याने नवे काढता येण्याजोगे असते.

भाषा

मराठीत लिहिणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. आदरार्थी बहुवचन आपल्याकडे शिष्टाचार राहिलेला नाही, व्याकरण झाले आहे. म्हणून ते काढून घेणे हा निवाडा होतो. कालपर्यंत 'ते' असलेला माणूस अटकेच्या बातमीत 'त्याने' होतो. बातमीचे सोडा, विश्वकोशाने असे करू नये. अभिनेता 'त्यांनी' आणि अभिनेत्री 'तिने', प्रशिक्षक 'ते' आणि तरुण खेळाडू 'तो', हेही त्याच जातीचे. एक रूप ठरवावे आणि शेवटपर्यंत पाळावे. नावाआधीचे श्री., डॉ., नंतरचे साहेब, ताई, महाराज गाळावेत. पुरस्काराचे नाव नावाला चिकटवू नये. सुप्रसिद्ध, ख्यातनाम, लाडके, अष्टपैलू ही विशेषणे काढून पाहावीत. उरलेल्या वाक्यात काही माहिती असेल तर ते ठेवावे.

'असे म्हटले जाते', 'सूत्रांकडून समजते', 'चर्चा रंगली' ही वाक्ये बोलणाऱ्याला पडद्याआड ठेवतात. कोण म्हणाले ते लिहावे, नाहीतर वाक्य गाळावे. क्रियापदेही पक्ष घेतात. 'कबूल केले' म्हटले की गुन्हा गृहीत धरला जातो, 'दावा केला' म्हटले की खोटेपणा, आणि 'उघडकीस आले' म्हटले की चौकशी आधीच संपते. 'म्हणाले', 'सांगितले' हे साधे शब्द पुरतात. 'कथित' हा शब्द लावला म्हणून अफवा छापण्याजोगी होत नाही. 'सध्या', 'नुकतेच', 'आजही' यांना वय चढते. त्यांच्या जागी वर्ष घालावे.

सरावासाठी धूळपाटीवर (प्रयोगासाठी दिलेल्या पानावर) चार ओळींची नोंद करून पाहावी : नाव, काम, वर्षे, आणि प्रत्येक ओळीला संदर्भ. या चार ओळी उभ्या राहत नसतील तर पाचवीचा विचार करू नये.

मृत्यूची नोंद

इथे घाई सर्वाधिक होते. २० जानेवारी २००९ रोजी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीनंतरच्या भोजनात एडवर्ड केनेडी यांची प्रकृती बिघडली आणि विकिपीडियावर त्यांना व रॉबर्ट बर्ड या दुसऱ्या सिनेटरला मृत ठरवण्यात आले. केनेडी ऑगस्टपर्यंत होते, बर्ड जून २०१० पर्यंत. एकाहून अधिक विश्वासार्ह वृत्तसंस्थांनी नाव आणि वेळेसह बातमी दिल्याखेरीज 'आहेत'चे 'होते' करू नये. तसे करताना 'निधन झाले' एवढेच लिहावे. 'अनंतात विलीन' शोकसभेसाठी ठेवावे. वरचे सर्व निर्बंध त्या क्षणी गळून पडत नाहीत. इंग्रजी विकिपीडियाच्या धोरणानुसार ते मृत्यूनंतरही सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत लागू राहू शकतात, विशेषतः मृत्यूचे कारण वादग्रस्त असेल किंवा मजकुराने मागे राहिलेल्या कुटुंबीयांना थेट झळ पोहोचत असेल तेव्हा.