तापानंतरचा व्यायाम: आधी दुसऱ्या दिवसाचं विचारा

बडोद्यात व्यायामाबद्दल आदर पहिल्यापासूनच मोठा. प्रा. माणिकरावांनी नावारूपाला आणलेलं, त्यांच्या गुरूंच्या नावाचं जुम्मादादा व्यायाम मंदिर इथे दांडिया बाजारात आहे, आणि तालमीचं वेड कित्येक मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. त्यामुळे आजारातून उठलेल्या माणसाला इथे एक सल्ला हमखास मिळतो: ‘लोळत पडू नकोस, सकाळी कमाटीबागेत दोन चकरा मार, घाम निघाला की अंग मोकळं होईल.’ या सल्ल्याने पुष्कळांचं भलं होतं. पण कोविडनंतर महिनोन् महिने थकवा न गेलेल्या काहींना ह्याच सल्ल्यापायी पुन्हा अंथरूण धरावं लागलं. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला हे सांगावंसं वाटतं, कारण व्यायाम कुणाला मानवेल आणि कुणाला बाधेल, याचा अंदाज बहुतेक वेळा आधी घेता येतो.

नुसतं पडून राहण्याने काय होतं ते आधी पाहू. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या ५ निरोगी तरुणांना ३ आठवडे बिछान्यावर ठेवलं. जोराच्या व्यायामात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हा दमाचा सगळ्यात भरवशाचा मापदंड. तो त्या ३ आठवड्यांत पाव हिश्श्याहून जास्त घसरला. ३० वर्षांनी ह्याच पाचजणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा वयाने झालेली घट त्या ३ आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली! एवढं नुकसान कुठल्याही विषाणूशिवाय, निव्वळ पडून राहिल्याने झालं होतं.

म्हणूनच कोविडमध्ये दवाखान्यात, ऑक्सिजनवर राहून आलेल्यांना बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम उपयोगी पडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये कोविडपायी दवाखान्यात राहून आलेल्या ५८५ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. घरी परतून किमान ३ महिने झालेले, तरीही त्रास न संपलेले हे लोक. त्यातल्या एका गटाला ८ आठवडे ऑनलाइन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम आणि मानसिक आधार दिला. दुसऱ्या गटाला फक्त एकदा सल्ला. वर्षभरानंतरही पहिल्या गटाचं रोजचं जगणं थोडं सुधारलेलं दिसलं. फरक लहानच होता, पण टिकला.

आता दुसऱ्या प्रकारची माणसं. यातले बरेचजण दवाखान्यात दाखलही झालेले नसतात. ताप साधा येऊन गेला, रिपोर्ट सगळे नॉर्मल, चेहराही बरा दिसतो. सांगतात मात्र असं: ‘शनिवारी जरा हुशारी वाटली म्हणून माळा आवरला. त्या दिवशी काहीच झालं नाही. सोमवारी आंघोळीलासुद्धा उठवेना.’ श्रम आणि त्रास यांत साधारण १२ ते ४८ तासांचं अंतर पडतं, म्हणून दोघांचा संबंध घरच्यांच्या ध्यानात येत नाही, कधी रोग्याच्याही येत नाही. नुसतं अंग दुखत असतं तर गोष्ट वेगळी. इथे ताप आल्यासारखं होतं, डोकं चालत नाही, झोप उडते, आणि हे कधी कधी आठवडाभर पुरतं. अशाला ‘आळस झटक’ म्हणणं हा अन्याय आहे.

याचा पुरावा स्नायूंतच सापडला. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी अशा २५ रुग्णांना आणि २१ निरोगी लोकांना सायकल मारायला लावली, आणि आधी व दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. रुग्णांच्या स्नायूंत पेशींची ऊर्जा तयार करण्याची क्षमता कमी भरली आणि व्यायामानंतर इजा वाढलेली दिसली. जुन्या, चिवट थकव्याच्या अशाच एका आजारात वर्षानुवर्षं ‘दर आठवड्याला थोडं वाढवा’ अशा ठरीव व्यायामाची शिफारस होत असे. रुग्णांच्या तक्रारी आणि पुरावा पुन्हा तपासून उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ साली ती मागे घेतली. माझ्या मते आपल्याकडेही या बदलाची दखल जितकी घ्यायला हवी तितकी घेतली गेलेली नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला पहिला प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाबद्दल असतो. मग एक सोपी तपासणी. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर घडी, बोटाला ऑक्सिमीटर, आणि १ मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. ऑक्सिजनचा आकडा ३ किंवा जास्तने उतरला तर थांबून डॉक्टरांकडे. ज्याला श्रमानंतर त्रास उसळतो, त्याची ही तपासणीसुद्धा मी पहिल्या भेटीत टाळते. त्याला डायरी देते: काय केलं, किती वेळ, पुढचे दोन दिवस कसे गेले. पंधरवड्याभरात त्याची मर्यादा बऱ्यापैकी कळते. तिच्या आत राहूनच दिवस आखायचा, बरं वाटणाऱ्या दिवशीसुद्धा. हे फार अवघड जातं, विशेषतः घर चालवणाऱ्या बायकांना.

काहींचा घोटाळा उभं राहण्यात असतो. झोपलेल्याची नाडी मोजा, मग उभं करून १० मिनिटं मोजत राहा. रक्तदाब न उतरता नाडी ३० किंवा जास्तने वाढली आणि चक्कर, धडधड होऊ लागली, तर डॉक्टरांना तसं सांगा. अशांना पोळ्या लाटायला उंच स्टूल द्यावं आणि व्यायाम आडवं पडून सुरू करावा: टाचा सरकवणं, पाय उचलणं, नंतर बसून, चालणं सगळ्यात शेवटी.

छातीत दुखणं, श्रम करताना घेरी येणं, ठोके चुकणं, यांपैकी काहीही असेल तर आधी ईसीजी आणि डॉक्टर. हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर जोराचा व्यायाम सहसा ३ ते ६ महिने बंद ठेवतात.

पावसाळ्यात आमच्याकडे चिकनगुनियाचे रुग्ण येतात, आणि लगेच नवरात्र. सांधे महिनोन् महिने धरलेले, सकाळी मूठ वळत नाही, आणि प्रश्न एकच: ‘गरबा खेळू का?’ इथे चित्र निराळं आहे. श्रमानंतर सगळं अंग ढासळत नसेल, तर हालचाल सांध्यांना मानवते. ब्राझीलमधल्या चाचण्यांत बेताच्या ताकदीच्या व्यायामाने चिकनगुनियानंतरचं दुखणं कमी झालं. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघड-मीट, मग रबरी पट्ट्याचे व्यायाम. सांधा सुजलेला, गरम असेल त्या दिवशी फक्त हलवायचा, ताण द्यायचा नाही. गरब्याचं मी असं सांगते: पहिल्या रात्री बाहेरच्या रिंगणात, बुटांसकट, दोन फेऱ्या. मग दोन रात्री नुसतं बघायला जा. तेवढ्यात सांधे सुजले नाहीत आणि अंगही आंबलं नाही, तर चौथ्या रात्री चार फेऱ्या घ्या. घोट्यावर सूज दिसली, तर या वर्षी पास घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या.